‘कळवतो’ नावाचं बटण

आजकाल कुठलंही संकेतस्थळ उघडा, खालून एक पट्टी वर येते. आम्ही कुकीज वापरतो, आपली संमती आहे का, स्वीकारा, नाकारा, अधिक वाचा. माझा भाचा ती पट्टी माशी हाकलावी तशी हाकलतो. मी एकदा विचारलं, बाबा, काय लिहिलं होतं त्यात? तर म्हणाला, "मावशी, ते कोनी वाचत असते काय?" मला हसू आलं. कारण मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात एक काळ असा होता की लोक ही पट्टी वाचत होते. चष्मा लावून, मोठ्यानं, सोबतच्यांना गोळा करून वाचत होते, आणि यावर काय उत्तर द्यायचं ते विचारायला मला फोन करत होते. ती पट्टी मी लिहिली होती. कायदा इंग्लंडचा होता, शहाणपण बालाघाटचं होतं आणि डोकेदुखी माझी होती.

नागपूरला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून मी नव्वदच्या दशकात गावी परत आले आणि काली पुतळी चौकाजवळ एका औषधांच्या दुकानावरच्या माडीवर क्लास काढला. पुढे इंटरनेट आलं तसं मी संकेतस्थळंही बनवून देऊ लागले. गिऱ्हाईकं थोडी आणि विक्षिप्त. एका गृहस्थांना संकेतस्थळ हवं होतं पण ते कोणाला दिसायला नको होतं. अशात एक दिवस अण्णा जिना चढून आले. अण्णा म्हणजे वनखात्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले मोठे बाबू. जन्मभर आवक-जावक सांभाळलेला माणूस रिकामा बसेना, म्हणून त्यांनी आपल्या ओसरीवर वधू-वर सूचक केंद्र सुरू केलं होतं. बालाघाट, वारासिवनी, कटंगी, गोंदिया या पट्ट्यातली मराठी स्थळं त्यांच्याकडे असायची.

"मंगल," ते म्हणाले, "मुलींचे फोटो लोक परत पाठवत नाहीत. बाप बिचारा स्टुडिओत जाऊ जाऊ थकते. तुह्या कॉम्प्युटरवर फोटो ठेवला तर पाहनारा पाहील आणि फोटो जागच्या जागी राहील, बरोबर?"

"हौ अण्णा."

"मंग काढ वेबसाईट."

काढली. आता ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. धोबी कपड्याच्या कॉलरला आतून एक खूण घालतो. कपडा तुमचा, तुमच्याच कपाटात राहतो, पण खूण त्याची असते, आणि पुढच्या वेळी ती पाहून तो ओळखतो की हा अमक्यांकडचा. संकेतस्थळही तसंच करतं. तुम्ही एकदा येऊन गेलात की तुमच्याच यंत्रात आपली खूण ठेवून देतं, म्हणजे पुन्हा आलात की ओळखता यावं. इंग्रजीत तिला कुकी म्हणतात. मी बालाघाटात कायम खूणच म्हटलं, कारण धोबी सगळ्यांकडे येत होता.

या खुणेच्या जोरावर मी एक सोय केली होती आणि तिच्यावर मी बेहद्द खूश होते. पान उघडलं की वरच्या बाजूला फोटोंची एक ओळ यायची: ‘तुम्ही याआधी पाहिलेली स्थळं’. अण्णांना दाखवली तेव्हा ते खुर्चीत मागे रेलून म्हणाले की वनखात्यात हे असतं तर एकही फाईल हरवली नसती. आमच्या दोघांच्याही ध्यानात न आलेली गोष्ट अशी, की ही सोय ज्यांनी शोधली त्यांच्या गावी ज्याचं त्याचं यंत्र असतं. आमच्याकडे घरात कॉम्प्युटर असलेली माणसं बोटावर मोजण्याइतकी. सगळं गाव येऊन बसायचं ते एक तर अण्णांच्या ओसरीवरच्या यंत्रावर, नाही तर माझ्या क्लासमध्ये. म्हणजे ‘तुम्ही पाहिलेली’ म्हणून जी ओळ यायची, ती तुमच्या आधी खुर्चीवर बसून गेलेल्या माणसानं पाहिलेली असायची.

पहिला दणका वारासिवनीच्या भाऊसाहेबांनी दिला. भाऊसाहेबांची राईस मिल, आवाज मिलपेक्षा मोठा. त्यांच्या मुलीची बोलणी कटंगीच्या एका घरी चालली होती आणि मुलाचे वडील त्यांना सांगत होते की आम्ही तुमच्याशिवाय दुसरीकडे पाहतच नाही. ते वडील सकाळी अण्णांच्या ओसरीवर बसून गेले आणि दुपारी भाऊसाहेब येऊन त्याच खुर्चीवर बसले. ओळ उघडली. भाऊसाहेबांनी ती शांतपणे शेवटपर्यंत पाहिली.

"अण्णा," ते म्हणाले, "हे तं आमच्याशिवाय कोनाले पाहत नव्हते म्हने. इथं अर्धा जिल्हा पाहून ठेवला की."

सोयरीक मोडली नाही, एवढं नशीब. पण पुढच्या बैठकीत मुलाच्या बापाचा आवाज असा काही खाली आला म्हणतात की देण्याघेण्याचा विषयच निघाला नाही. भाऊसाहेबांनी मला पेढ्यांचा डबा पाठवला. मी आणि अण्णा पेढे खात पोटभर हसलो, आणि ती ओळ तशीच राहिली.

मग इंग्लंडची मेल आली. अण्णांचा विवेक नावाचा एक भाचा तिकडे नोकरीला होता, त्यानं आपलं नाव केंद्रात नोंदवलं होतं. त्यानं लिहिलं, मामा, तुमचं संकेतस्थळ माझ्या यंत्रात न सांगता खूण ठेवतं. इकडच्या कायद्यानं आता पाहुण्याला आधी स्पष्ट सांगावं लागतं आणि नको म्हणायची सोय द्यावी लागते. मुलगा सहज सुचवत होता. पण अण्णांनी जन्मभर सरकारी कागद वाचलेले. त्यांनी मेलची छापील प्रत काढली, तिच्यावर ‘तातडीचे’ असं लाल शाईनं लिहिलं आणि घाम पुसत माझा जिना चढले.

"मतलब आता काय, तिकडचे पोलीस येऊन राह्यले काय?"

"कोनी येऊन नाही राह्यलं. आपल्याकडे असा कायदाच नाही, अण्णा."

"आपल्याकडे नाही, पन तिथं आहे ना. नियम म्हनजे नियम."

मी पुढच्या आठवड्यात बघू म्हणून विषय टाळला. खरं सांगायचं तर माझी लाडकी ओळ मला सोडवत नव्हती.

त्याच रविवारी शोभाचा प्रसंग घडला. शोभा लामता गावच्या शाळेत शिक्षिका होती, रोज बसनं जा-ये करायची. नवरा अपघातात जाऊन काही वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. घरात ती आणि तिची सासू, सिंधुकाकू, दोघीच. शोभा दर रविवारी माझ्याकडे एक्सेल शिकायला म्हणून यायची, आणि एक्सेलची फाईल उघडी ठेवून शेजारी पुनर्विवाहाचं पान पाहायची. मी पाहून न पाहिल्यासारखं करत असे. पदर सारखा करत, मधूनच मागे वळून बघत ती जी काही मिनिटं त्या पानावर घालवायची, त्यासाठी ती आठवडाभर धीर गोळा करत असणार हे मला कळत होतं.

त्या दिवशी ती उठली आणि दाराशी चप्पल घालू लागली. तिच्या खुर्चीवर तिच्याच गल्लीतल्या एक वहिनी बसल्या. त्यांना आपल्या मुलीसाठी स्थळ पाहायचं होतं.

"अगंबाई," वहिनी मोठ्यानं म्हणाल्या, "हे कोन पाहून गेलं? सारे बिजवरच दिसून राह्यले. ज्यांच्या बायका गेल्या तेच."

माझं लक्ष दाराकडे गेलं. शोभा चपलेत एक पाय घालून तशीच उभी होती. वहिनींनी वळून पाहण्याआधी मी म्हटलं, "मीच पाहत होती वहिनी, अण्णांचं काम होतं." वहिनींनी माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे पाहिलं आणि त्यांना ते पटलं की नाही देव जाणे. जिन्यावर शोभाच्या पावलांचा आवाज आला आणि गेला. त्यानंतरचा रविवार ती आली नाही. त्याच्या पुढचाही नाही.

मला फार वाईट वाटलं. एक बाई इतक्या मुश्किलीनं दाराशी आली होती आणि माझ्या हौसेच्या ओळीनं तिला परत पाठवलं होतं. मी अण्णांना निरोप धाडला, तुमचा इंग्लंडचा नियम लावू, आजच लावू.

मजकूर लिहायला आम्ही दोघं ओसरीवर बसलो. अण्णांचा पहिला मसुदा ‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की’ असा सुरू होत होता, तो मी अण्णांच्या बायकोनं आणलेल्या चहाबरोबर बाजूला सारला. शेवटी ठरलं ते असं: ‘तुम्ही कोणती स्थळं पाहिली याची खूण आम्ही या यंत्रात ठेवू का? ठेवली तर पुढच्या वेळी तुम्हाला ती लगेच सापडतील. पण या यंत्रावर दुसरं कोणी बसलं तर त्यालाही दिसतील.’ खाली दोन बटणं, ‘हो’ आणि ‘नाही’. नियमात बसलं, अर्थ स्वच्छ होता. मी समाधानानं घरी गेले.

आता आमच्या भागातल्या माणसांची तऱ्हा ऐका. क्लासमध्ये लोक येत, प्रश्न वाचत आणि थबकून बसत. मग इकडेतिकडे बघून ‘हो’ दाबत. एकूण एक. आठवडाभरात एकानंही ‘नाही’ दाबलं नाही. मी तर चक्रावलेच. ज्यांना काहीतरी लपवायचंच आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, तेसुद्धा ‘हो’ म्हणून मोकळे. शेवटी भाऊसाहेबांचाच फोन आला, त्यांना आता धाकटीसाठी पाहायचं होतं.

"ताई, याले काय दाबू?"

"खूण नको असली तर नाही दाबा ना, भाऊसाहेब."

"एकदम नाही?" मिलवाला आवाज जरासा दबला. "सोयरिकीचं काम आहे, ताई. इथं पहिल्या झटक्यात नाही कसं म्हनावं? अशुभ दिसते. अण्णाले काय वाटन?"

म्हणजे कायदा पाळला गेला होता आणि खुणेपासून सुटलं कोणीच नव्हतं. आमच्याकडे सोयरिकीच्या कामात तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. चहा घेतात, पोहे खातात, मुलीचं कौतुक करतात आणि जातात. हे मी लहानपणापासून पाहत आले होते, आणि तरी बटण करताना मला सुचलं नव्हतं.

ते सुचवलं अण्णांनी, तेही नकळत. दुसऱ्या दिवशी मी ओसरीवर डोकं धरून बसले होते आणि अण्णा गोंदियाच्या कोणाशी फोनवर बोलत होते. "हौ, हौ, पत्रिका पाह्यली. लई छान. मुलगी लाखात एक. कळवतो." फोन ठेवून ते मला म्हणाले, "नाही जमत."

मी उठले आणि ‘नाही’ काढून तिथे ‘कळवतो’ असं बटण घातलं. आत प्रोग्राममध्ये त्याचा अर्थ अगदी साधा होता: माणूस स्वतःहून हो म्हणत नाही तोवर काहीही ठेवायचं नाही. लोकांनी ते बटण पाहिलं मात्र, चेहरे खुलले. धडाधड ‘कळवतो’ दाबू लागले. कोणाचं मन मोडत नव्हतं, कोणाची खूणही राहत नव्हती. चुकून कोणी ‘हो’ दाबलंच तर मी रोज क्लास बंद करताना यंत्रांमधल्या खुणा आपल्या हातानं पुसून टाकत असे. विवेकनं इंग्लंडहून लिहिलं, मामा, हे बटण इथल्या वकिलांना समजावता येणार नाही, पण नियमात चोख बसतं. अण्णांनी तीही मेल छापून जपून ठेवली.

मी शोभाला बसस्टँडवर गाठलं. आडून आडून म्हटलं, कॉम्प्युटर आता विचारल्याशिवाय काही लक्षात ठेवत नाही. तिनं लामत्याच्या बसकडे पाहिलं. मग म्हणाली, "एक्सेल अर्धंच राह्यलं आहे माझं." पुढच्या रविवारी ती आली. प्रश्न वाचला, ‘कळवतो’ दाबलं. मी माझ्या टेबलाशी बसून उगाच कागद चाळत होते आणि मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

आणि मग एका बुधवारी, शोभा शाळेत असण्याच्या वेळेला, सिंधुकाकू जिना चढून आल्या. गुडघे धरत वर येऊन बसल्या, दम घेतला आणि म्हणाल्या, "मंगल, मले ते लग्नाचं दाखव. माह्या सुनेसाठी पाह्याचं आहे. पन तिले सांगू नको."

मी दाखवलं. काकू दर बुधवारी येऊ लागल्या. शोभा रविवारी यायची. दोघीही ‘कळवतो’ दाबायच्या, दोघींचंही काही उरत नव्हतं, आणि मध्ये मी. यंत्रातली खूण पुसता येत होती, माझ्या डोक्यातली कोण पुसणार? काही आठवड्यांत असं झालं की शोभा एकाच फोटोवर थांबू लागली. मलाजखंडच्या खाणीत मेकॅनिक असलेला, बायको आजारात गेलेला, साधा हसरा माणूस. आणि बुधवारी काकूंनीही नेमकं त्याच्यावरच बोट ठेवलं. "हा चांगला वाटते. डोळ्यांत लबाडी नाही."

मी शोभाला विचारलं, काय अडलं आहे? ती म्हणाली, "ताई, आईंना कसं सांगू? मुलगा गेला, आता सूनही चालली असं होईल. मी नाही विचारू शकत. पाहते आहे तेवढंच पुष्कळ. तुम्हीही त्यांना सांगू नका." काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मी कशी सांगू व? तिले वाटन, सासू घराबाहेर काढून राह्यली. जाऊ दे. या बुधवारनंतर मी काही येत नाही."

एक वाक्य बोलले असते तर काम झालं असतं. पण दोघींनी मला नको सांगू म्हटलं होतं, आणि सगळ्या गावाला आधी विचारायला शिकवणारी मीच जर न विचारता बोलले, तर त्या पट्टीला काय अर्थ होता? मी काकूंपुढे पान उघडलं. प्रश्न आला. मी तो त्यांना मोठ्यानं वाचून दाखवला, दुसरं कोणी बसलं तर त्यालाही दिसतील इथपर्यंत.

"माह्या मागून इथं कोन बसते?" काकूंनी विचारलं.

"ते मी सांगू शकत नाही, काकू."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मुलगा आणि सून दोघांनाही वाढवलेलं म्हणावं लागेल, त्यांना माझ्यासारखीचं तोंड वाचणं काय कठीण. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग कधी नव्हे तो माऊस स्वतः हातात धरला आणि ‘हो’वर नेऊन दाबला. मलाजखंडच्या माणसाचा फोटो उघडला. त्याच्याखाली आपल्या अपेक्षा लिहायची एक चौकट असे; तिच्यात लिहिलेलंही खुणेबरोबर त्याच यंत्रात राहायचं. "लिही," त्या म्हणाल्या, "मी सांगते तसं."

मी लिहिलं. त्या दिवशी यंत्र पुसलं नाही. उलट त्याच्यावर ‘बिघडले आहे’ अशी पाटी लावली आणि रविवारपर्यंत कोणाला त्या कोपऱ्याकडे फिरकू दिलं नाही. विद्यार्थी कुरकुरले. अण्णा दुरुस्तीवाला घेऊन आले, त्याला मी चहा पाजून परत पाठवलं.

रविवारी शोभा आली तेव्हा पाटी काढून तिला तिथे बसवलं. पान उघडलं आणि ती दचकली. "ताई, यानं विचारलंच नाही."

"तुह्या आधी बसलेल्या माणसानं हो म्हटलं आहे."

वरच्या ओळीत एकच फोटो होता. तिनं तो उघडला. खालच्या चौकटीत लिहिलेलं होतं: ‘मुलगी माझी आहे. लामत्याची नोकरी सोडणार नाही. दिवाळीला आधी माझ्याकडे येईल, मग तुमच्याकडे. तिला वांग्याची भाजी आवडत नाही. सिंधू.’

शोभानं ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि त्याच वेळी ती हसतही होती, बहुतेक वांग्याच्या भाजीपाशी. मीही डोळे पुसले. बऱ्याच वेळानं ती उठली, पदरानं चेहरा कोरडा केला. क्लास बंद करायची वेळ झाली होती.

"शोभा," मी विचारलं, "खूण पुसू ना?"

"नको ताई," ती म्हणाली. "राहू द्या. आईंना घेऊन येते."